नेदरलँड्सची कौटुंबिक सहल: लहान मुलांसह शेंगेन व्हिसाचा अर्ज

लिसे येथील कोकेनहोफची ट्यूलिपची बाग वर्षातून जेमतेम आठ आठवडे, म्हणजे मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत उघडी असते, आणि आपल्याकडच्या बहुतेक शाळांच्या वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये आटोपतात. त्यामुळे ट्यूलिप बघायचेच असे ठरवलेल्या कुटुंबाच्या हाती तीन-चार आठवडेच उरतात, आणि नेमक्या त्याच दिवसांसाठी व्हिसा केंद्रांवर झुंबड उडालेली असते. अशा वेळी विमानाचे भाडे आणि हॉटेलांचे दर बघण्याआधी घरातल्या सर्वांत धाकट्या मुलाचा जन्मदाखला कपाटातून काढावा आणि शांतपणे वाचावा, असे मी आग्रहाने सांगेन. कुटुंबासाठी म्हणून एकच व्हिसा नसतो. सहा महिन्यांचे बाळ असले तरी त्याचा अर्ज स्वतंत्र, पासपोर्ट स्वतंत्र आणि व्हिसाही स्वतंत्र असतो, आणि माझ्या पाहण्यात तरी घोळ होतो तो बहुधा मुलांच्याच कागदांत.

भारतीय पासपोर्टधारकांना पर्यटनासाठी लागतो तो अल्पकालीन शेंगेन व्हिसा. या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांच्या काळात जास्तीत जास्त ९० दिवस शेंगेन क्षेत्रात राहता येते. शेंगेन क्षेत्र म्हणजे आपसांतील सीमांवर सहसा तपासणी न करणाऱ्या युरोपीय देशांचा गट. त्यात सध्या २९ देश आहेत आणि एकाच व्हिसावर त्या सर्वांत फिरता येते. मात्र अर्ज कोणत्या देशाकडे करायचा हे आपल्या सोयीवर नसून नियमावर ठरते. ज्या देशात सर्वाधिक दिवस मुक्काम, त्याच देशाकडे अर्ज. दिवस सारखेच असतील तर ज्या देशातून प्रथम प्रवेश करणार त्या देशाकडे. आम्सटरडॅममध्ये चार दिवस आणि पॅरिसमध्ये सहा दिवस असा बेत असेल तर अर्ज फ्रान्सकडेच जायला हवा, मग विमान आम्सटरडॅमला उतरत असले तरीही. नेदरलँड्सची अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून तिथे अर्ज करून मुक्काम दुसरीकडे काढणे हे नकाराला निमंत्रण आहे. मुंबई किंवा पुण्याचे रहिवासी व्हीएफएस ग्लोबल या, दूतावासांच्या वतीने अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात अर्ज देऊ शकतात. लंडन किंवा दुबईत कायदेशीर वास्तव्य असलेल्या मराठी कुटुंबाने मात्र तिथूनच अर्ज करायचा असतो.

अर्ज प्रवासाच्या तारखेआधी जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस दाखल करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण अधिक चौकशीची गरज वाटल्यास ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढवता येते. एप्रिलच्या अखेरीस निघायचे असेल तर जानेवारीत अर्ज द्यावा आणि त्याआधीचे दोन महिने मुलांचे कागद दुरुस्त करण्यासाठी राखून ठेवावेत, असा हिशेब मी धरतो.

हे दोन महिने का लागतात, ते आमच्याच घरच्या उदाहरणावरून सांगतो. आमच्या धाकट्या मुलीचा जन्मदाखला तिच्या जन्मानंतर आठवड्याभरात काढलेला होता. त्यावर तारीख होती, रुग्णालय होते, आई-वडिलांची नावे होती, आणि ‘बालकाचे नाव’ या रकान्यात एक आडवी रेघ होती. बारशाच्या आधी दाखला काढला की असे होते, आणि पुढे ते कोणाच्या लक्षात राहत नाही. जन्मनोंदणीत बाळाचे नाव पहिल्या १२ महिन्यांत विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. काम अवघड नाही, पण ते जिथे जन्म नोंदला त्याच महापालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन करावे लागते. बाळंतपण माहेरी झालेले असेल तर त्या गावापर्यंत फेरी आलीच. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत तर पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्मदाखलाच ग्राह्य धरला जातो, त्यामुळे दाखला पूर्ण असल्याशिवाय पुढचे पाऊलच टाकता येत नाही. जुना दाखला फक्त मराठीत हाताने लिहिलेला असेल तर त्याचे इंग्रजी भाषांतर करून घ्यावे किंवा नवीन द्विभाषिक प्रत काढावी. मला दुसरा मार्ग अधिक बरा वाटतो.

दाखल्यावरचे आईचे नाव हा आणखी एक नाजूक मुद्दा आहे. कुठे माहेरचे नाव असते, कुठे सासरचे, कुठे नुसतेच पहिले नाव, आणि पासपोर्टवर मात्र तिसरेच काहीतरी. परदेशी अधिकाऱ्याला आपली नावांची पद्धत माहीत असेल असे गृहीत धरू नये. विवाह नोंदणी प्रमाणपत्र हा या दोन नावांना जोडणारा दुवा आहे, म्हणून ते मुलांच्या अर्जालाही जोडावे. लग्नानंतर पहिले नावही बदलले असेल तर राजपत्रातील नोंदीची प्रतही द्यावी.

लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, आणि शेंगेनचा नियम असा की परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने पासपोर्ट वैध हवा, तो गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि त्यात किमान दोन पाने कोरी हवीत. मोठ्यांचे पासपोर्ट दहा वर्षांचे असल्यामुळे ही अट प्रथम अडवते ती मुलांनाच. शिवाय तीन महिन्यांच्या बाळाचा फोटो असलेला पासपोर्ट घेऊन साडेचार वर्षांची मुलगी निघाली, तर चेहरा ओळखणे कठीण जाते. मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण आधी करून घेणे शहाणपणाचे ठरते.

आता संमतीविषयी. मुलांच्या अर्जावर पालकांची सही लागते आणि दोन्ही पालकांची संमती अपेक्षित असते. आई-वडील दोघेही बरोबर जात असतील तर प्रश्न सोपा आहे. एकच पालक जात असेल, किंवा मुले आजी-आजोबांबरोबर, मावशीबरोबर निघाली असतील, तर मागे राहणाऱ्या पालकाचे नोटरी केलेले संमतिपत्र आणि त्याच्या पासपोर्टची प्रत लागते. त्या पत्रात मुलाचे नाव, पासपोर्ट क्रमांक, प्रवासाच्या तारखा, देश आणि बरोबर जाणाऱ्या व्यक्तीचे नाव स्पष्ट लिहावे. घटस्फोट झाला असल्यास मुलाच्या ताब्याविषयीचा न्यायालयाचा आदेश, आणि पालक हयात नसल्यास मृत्यूचा दाखला द्यावा. हे कागद केवळ अर्जापुरते नाहीत. नेदरलँड्सच्या सीमेवर तपासणी करणारे रॉयल मारशोसे हे दल मुलांच्या अपहरणाला आळा घालण्यासाठी एकट्या पालकाबरोबरच्या किंवा वेगळ्या आडनावाच्या मुलांकडे विशेष लक्ष देते. आपल्याकडे आईचे आणि मुलाचे आडनाव वेगळे असणे आता नवीन राहिलेले नाही. म्हणून संमतिपत्र आणि जन्मदाखल्याची प्रत हातातल्या पिशवीत ठेवावी, सामानात टाकू नये.

अर्जाचा नमुना संगणकावर भरून, छापून, त्यावर सही करून द्यायचा असतो. मुलाच्या अर्जात पालकाचा तपशील देण्यासाठी वेगळा रकाना असतो, आणि तो घाईत कोरा राहतो. फोटो ३५ × ४५ मिलिमीटरचा, फिकट पार्श्वभूमीवरचा आणि अलीकडचा हवा. तान्ह्या बाळाला पलंगावर पांढऱ्या चादरीवर उताणे निजवून, खिडकीच्या उजेडात वरून फोटो घेतला की काम होते. चेहऱ्यावर सावली, तोंडात चोखणी किंवा मान धरलेला आईचा हात दिसता कामा नये. १२ वर्षांखालील मुलांच्या बोटांचे ठसे घेतले जात नाहीत. मोठ्यांचे ठसे गेल्या ५९ महिन्यांत दुसऱ्या शेंगेन व्हिसासाठी दिलेले असतील तर ते पुन्हा वापरता येतात.

शुल्क ११ जून २०२४ पासून असे आहे: प्रौढांना आणि १२ वर्षांपुढील मुलांना ९० युरो, ६ वर्षे पूर्ण झालेल्या पण १२ वर्षे न झालेल्या मुलांना ४५ युरो, आणि ६ वर्षांखालील मुलांना काहीही नाही. म्हणजे आई, वडील, आठ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी मिळून २२५ युरो होतात; केंद्राचे सेवा शुल्क त्याहून वेगळे. व्हिसा नाकारला गेला तरी ही रक्कम परत मिळत नाही.

आर्थिक क्षमतेसाठी नेदरलँड्स दर माणशी दर दिवशी ५५ युरो हा निकष लावते, आणि त्यात मुलेही मोजली जातात. चौघांच्या दहा दिवसांचे २,२०० युरो झाले. खात्यात नेमकी तेवढीच रक्कम असावी असे नाही. ती तिथे नियमित उत्पन्नातून जमलेली दिसावी, हे महत्त्वाचे. अर्जाच्या आदल्या आठवड्यात कोणाकडून तरी आणून भरलेले पाच लाख बँकेच्या खातेउताऱ्यात लगेच डोळ्यांत भरतात आणि शंका निर्माण करतात. किमान शेवटच्या तीन महिन्यांचा खातेउतारा, पगारपत्रके, आयकर विवरणपत्रे, नोकरी करणाऱ्यांनी कार्यालयाचे रजा मंजुरीचे पत्र, व्यावसायिकांनी व्यवसाय नोंदणीचा कागद, आणि शाळेत जाणाऱ्या मुलांचा बोनाफाईड दाखला, असा संच तयार करावा. आपण परत येणार, हे यांतूनच सिद्ध करायचे असते. मुलांची शाळा जूनमध्ये सुरू होते हा साधा कागदही त्याला बळ देतो.

मुक्कामाच्या आरक्षणाकडे थोडे बारकाईने बघावे. आम्सटरडॅममधील अनेक हॉटेलांच्या खोल्या दोघांसाठीच असतात, आणि ‘दोन प्रौढ’ असे आरक्षण करून मुलांना त्यातच सामावून घेऊ, असे आपल्याकडे सहज ठरवले जाते. अर्ज चौघांचे आणि आरक्षण दोघांचे, ही विसंगती फाईल तपासणाऱ्याला पहिल्याच नजरेत दिसते. आरक्षणावर मुलांची संख्या आणि शक्य असल्यास नावे यायला हवीत. विमानाचे मात्र परतीसह केवळ आरक्षण पुरते. व्हिसा हाती येण्याआधी पैसे परत न मिळणारे तिकीट काढू नये.

नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन किंवा आम्स्टेलफेनला राहणाऱ्या भावाकडे, बहिणीकडे उतरणार असाल तर कागद बदलतात. यजमानाने हमी आणि खासगी निवासाचा ठरावीक डच नमुना भरायचा असतो आणि त्यावरची सही तिथल्या नगरपालिकेकडून, म्हणजे खेमेंटेकडून, प्रमाणित करून घ्यायची असते. खर्चाची हमीही तोच देणार असेल तर त्याचे उत्पन्न किमान तिथल्या कायदेशीर किमान वेतनाइतके आणि पुढे वर्षभर टिकणारे असल्याचे दाखवावे लागते. नमुन्याची मूळ प्रत पोस्टाने यायला वेळ लागतो, हे यजमानाला आधीच सांगून ठेवावे.

प्रवासी वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा, संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी आणि मुक्कामाच्या प्रत्येक दिवसासाठी हवा. कुटुंबाची एकत्रित पॉलिसी चालते, परंतु तीवर प्रत्येक मुलाचे नाव पासपोर्टप्रमाणेच छापलेले आहे ना, हे स्वतः तपासावे.

नेदरलँड्सच्या अर्जांवरचा निर्णय हेग येथील कार्यालयात होतो. केंद्रातील कर्मचारी केवळ कागद स्वीकारतात आणि त्यांना तोंडी सांगितलेले काहीही निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून एक पानभर पत्र जोडावे. कोण कोण जाणार, त्यांचे नाते काय, कोणत्या रात्री कुठे मुक्काम, खर्च कोण करणार आणि नावांत कुठे फरक आहे तो का, एवढे त्यात सरळ लिहावे. मुलांना नेणार ती ठिकाणेही लिहावीत: हेगचे मादुरोडाम हे छोट्या प्रतिकृतींचे उद्यान, काट्सहूव्हेलचे एफ्टेलिंग हे मनोरंजन उद्यान, किंडरडाइकच्या १९ पवनचक्क्या. अशा नावांनी बेत खरा दिसतो, कारण तो खरोखरच विचार करून केलेला असतो.

पासपोर्ट परत आल्यावर केंद्राच्या दारातच प्रत्येक व्हिसा वाचावा: नाव, जन्मतारीख, वैधतेच्या तारखा, प्रवेशांची संख्या आणि मुक्कामाचे दिवस. वैधतेचा कालावधी आणि मुक्कामाचे दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतातील रहिवाशांसाठी एप्रिल २०२४ पासून अशी सवलत आहे की, मागील तीन वर्षांत दोन व्हिसे नियमानुसार वापरले असतील तर दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. पण तो पासपोर्टच्या मुदतीपलीकडे जात नाही, त्यामुळे पालकांना लांब मुदतीचा आणि मुलाला आखूड मुदतीचा व्हिसा मिळाल्यास ती चूक समजू नये. नकार आल्यास कारण लेखी दिले जाते आणि चार आठवड्यांच्या आत हरकत नोंदवता येते. कारण एखादा कागद कमी पडल्याचे असेल तर तो कागद मिळवून नव्याने अर्ज करणे बहुधा लवकर मार्गी लागते.

आम्सटरडॅमच्या स्किपोल विमानतळावर उतरल्यावर आता शिक्क्याऐवजी प्रवेश-निर्गमाची डिजिटल नोंद होते. तिची सुरुवात १२ ऑक्टोबर २०२५ रोजी झाली. १२ वर्षांखालील मुलांच्या चेहऱ्याचेच छायाचित्र घेतले जाते, म्हणून पेंगुळलेल्या मुलाला रांगेत असतानाच हळूहळू जागे करावे. सामानाविषयीही एक नियम लक्षात ठेवावा. युरोपीय संघाबाहेरून येताना दूध आणि मांस यांचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे साजूक तुपाची बरणी आणि पेढे घरीच राहतात. भावासाठी नेलेला हापूसही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. तान्ह्या बाळाची दूध पावडर आणि बालआहार यांना मात्र दर माणशी २ किलोपर्यंत मुभा आहे, मात्र ते कंपनीच्या मूळ बंद वेष्टनात असावे आणि उघडण्यापूर्वी शीतकपाटात ठेवावे लागणारे नसावे.