सिरॉसिस आणि अचानक निकामी झालेले यकृत: दात्याला मिळणारा वेळ

पुण्यातील मोठ्या रुग्णालयांत, आयसीयूबाहेर, ‘लिव्हर फेल झाले’ हे शब्द दोन अगदी निराळ्या अवस्थांसाठी कानावर पडतात. कावीळ दोन्हींत असते, रुग्ण दोन्हींत असंबद्ध बोलू लागतो आणि यकृताचा भाग कोण देईल, असे घरच्यांना दोन्हींत विचारले जाते. म्हणून गल्लत होते.

सिरॉसिसमध्ये दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, अथवा मधुमेह व लठ्ठपणासोबत साठलेली चरबी यांमुळे यकृत वर्षानुवर्षे झिजत गेलेले असते. पोटात पाणी होते, रक्ताची उलटी होते, आणि हे यकृत पूर्ववत होण्याची आशा सहसा उरलेली नसते. तरीही बहुतेकदा हाताशी काही आठवडे असतात. पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे नाव नोंदवून मेंदूमृत दात्याची वाट पाहता येते, आणि घरातील इच्छुक दात्याच्या यकृतात चरबी आढळली तर त्याला वजन कमी करून पुन्हा तपासणीला येता येते.

अचानक निकामी होणारे यकृत त्याआधी निरोगी असते. दूषित पाण्यातून येणारा हिपॅटायटिस ए किंवा ई, हिपॅटायटिस बी, क्षयरोगाची औषधे, पिवळा फॉस्फरस असलेली उंदीर मारण्याची पेस्ट ही आपल्याकडची नेहमीची कारणे. रक्त गोठण्याची क्षमता घटते, अमोनिया वाढतो आणि मेंदूला सूज येते. रुग्ण अनेकदा त्या सुजेनेच दगावतो. मात्र हेच यकृत शस्त्रक्रियेविना पूर्ण बरेही होऊ शकते, आणि खरी कसोटी इथेच लागते. कावीळ दिसल्यापासून आठवड्याच्या आत भ्रम सुरू झाला, तर मेंदूची सूज अधिक असूनही आपोआप बरे होण्याची शक्यता, महिना उलटल्यावर भ्रम झालेल्या रुग्णापेक्षा जास्त असते. थांबायचे की प्रत्यारोपण करायचे, हा निर्णय घ्यायला लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयाने १९८९ साली मांडलेले निकष आजही वापरले जातात.

अशा रुग्णाला प्रतीक्षायादीत अग्रक्रम मिळतो, पण हाताशी असलेल्या एक-दोन दिवसांतच मेंदूमृत दाता मिळेल असे नाही. त्यामुळे जिवंत दात्याचा पर्याय पुढे येतो. रक्तगट, सीटी स्कॅन, हृदयाच्या चाचण्या, मानसिक तयारी, हे आठवड्यांचे काम एक-दोन दिवसांत उरकावे लागते. दिला जाणारा भाग साधारणपणे रुग्णाच्या वजनाच्या किमान ०.८ टक्के असावा, म्हणजे ६० किलोच्या रुग्णासाठी सुमारे ४८० ग्रॅम. पती-पत्नी, आईवडील, मुले, भावंडे, आजी-आजोबा व नातवंडे कायद्याने जवळचे नातलग ठरतात. मामा, काका, चुलतभाऊ त्यांत मोडत नाहीत. त्यांना प्राधिकार समितीची मंजुरी लागते, आणि ऐन घाईत ही गोष्ट फार उशिरा कळते.

यकृताचा उजवा, मोठा भाग देणाऱ्याला स्वतःच्या जिवाचा धोका हजारात सुमारे दोन ते पाच इतका असतो. सिरॉसिसच्या रुग्णाची बहीण हा आकडा घरी नेऊन चार जणांशी बोलू शकते. अचानक निकामी झालेल्या यकृताच्या रुग्णाच्या बहिणीला तो रात्री ऐकून पहाटे सही करावी लागते. म्हणून रुग्णावर उपचार न करणाऱ्या डॉक्टरांनी तिच्याशी एकटीशी बोलणे मला अत्यावश्यक वाटते, आणि तिने नकार दिला तर ‘दाता म्हणून योग्य नाही’ एवढेच घरच्यांना सांगितले जावे.