ठिसूळ हाडांतला ओलावा

लंगोट बदलताना बाळाचा पाय जरासा उचलला आणि मांडीचं हाड मोडलं. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, म्हणजे जन्मजात ठिसूळ हाडांचा आजार, कित्येक घरांना कळतो तो असाच. साधारण 15 ते 20 हजार बाळांमागे एकाला तो असतो. अशा मुलाला तळहाताच्या फोडासारखं जपायचं, शक्यतो हलू द्यायचं नाही, असं आईवडिलांना वाटणारच. डॉक्टरही कितीतरी वर्षं हेच सांगत आले. पण निजून राहिलेलं हाड आणखी कमजोर होतं. ते का, याचं बरंचसं उत्तर हाडाच्या आत हलणाऱ्या द्रवात आहे.

आजाराची नोंद जुनी आहे. स्वीडनमध्ये एकमन यांनी 1788 मध्ये एकाच घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला ठिसूळपणा नोंदवला. आजचं नाव डच शरीररचनातज्ज्ञ व्रोलिक यांनी 1849 मध्ये दिलं. सिलेन्स यांनी 1979 मध्ये ऑस्ट्रेलियात त्याचे चार प्रकार पाडले. पुढे दोष सापडला तो बहुतेकांच्या बाबतीत कोलॅजेनच्या जनुकांत. कोलॅजेन म्हणजे हाडातले ते तंतू, ज्यांच्यावर क्षार बसतात.

दुसरा धागा वेगळ्याच प्रश्नातून निघाला: भार पडतोय हे हाडाला कळतं कसं? वापराप्रमाणे हाड स्वतःला घडवतं, हे जर्मन शल्यचिकित्सक वोल्फ यांनी 1892 मध्ये मांडलं होतं. कसं, ते मात्र कळलं नव्हतं. 1957 मध्ये फुकादा आणि यासुदा या जपानी संशोधकांनी दाखवलं की कोरडं हाड दाबलं की त्यात वीज निर्माण होते. मग बराच काळ सगळ्यांचं लक्ष विजेकडेच राहिलं. ओल्या हाडात मोजमाप झालं तेव्हा लक्षात आलं की तिथल्या विजेतला मोठा वाटा बारीक वाटांतून सरकणाऱ्या खारट द्रवाचा आहे. या इतिहासातलं खरं वळण मला इथे दिसतं, कारण जिवंत हाड कधीच कोरडं नसतं.

एक पाऊल टाकून बघा. टाच टेकली की नडगी अगदी किंचित वाकते. एका बाजूचं हाड दाबलं जातं, दुसऱ्या बाजूचं ताणलं जातं. दाबलेल्या बाजूचा द्रव ताणलेल्या बाजूकडे सरकतो आणि पाय उचलला की परततो. ही ये-जा होते ती हाडात गाडलेल्या ऑस्टिओसाइट या पेशींच्या पोकळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या नलिकांमधून. या नलिकांची रुंदी अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे केसाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. पिकार्स्की आणि मनरो यांनी 1977 मध्ये सुचवलं की रक्तापासून दूर गाडलेल्या पेशींपर्यंत पोषण पोहोचवण्याचं काम हाच पंप करतो.

एक कोडं तरीही होतं. जोरात धावतानाही हाड दर हजार मिलिमीटरमागे दोन-तीन मिलिमीटरच दबतं. प्रयोगशाळेतल्या पेशींना जाग यायला त्याच्या कितीतरी पट ताण द्यावा लागे, आणि तेवढ्या ताणाने हाडाचंच नुकसान होईल. न्यूयॉर्कमधल्या वाइनबाउम, कोविन आणि झेंग यांनी 1994 मध्ये गणित मांडलं: पेशीला जाणवतं ते हाडाचं दबणं नव्हे, तर तिच्या अंगावरून द्रव वाहताना होणारं घर्षण. 2011 मध्ये उंदराच्या नडगीवर भार देऊन हा प्रवाह प्रत्यक्ष मोजला गेला. त्याचा वेग सर्वाधिक असताना सेकंदाला सुमारे 60 मायक्रोमीटर भरला. भार थांबला की याच पेशी स्क्लेरोस्टिन हे प्रथिन जास्त बनवतात आणि नवं हाड घडणं मंदावतं.

आता हे दोन धागे एकत्र येतात. ठिसूळ हाडांचा आजार असलेल्या उंदरांची हाडं 2014 मध्ये सिंक्रोट्रॉन या यंत्राच्या प्रखर क्ष-किरणांखाली पाहिली, तेव्हा रक्तवाहिन्यांच्या वाटा जास्त आणि अस्ताव्यस्त निघाल्या. पेशींच्या पोकळ्याही संख्येने जास्त होत्या. म्हणजे बिघाड नुसत्या तंतूंत नाही, द्रवाच्या वाटांचा नकाशाच बदललेला आहे. रक्तवाहिनीची वाट म्हणजे द्रवाला मोकळं दार. दारं वाढली की दाब कुठे साठतो आणि प्रवाह कुठे जोर धरतो, हे सगळं बदलतं. त्यातून हाडात क्षारही जास्त, म्हणजे भाराखाली ते निरोगी हाडासारखंच वागेल असं नाही. तेच पाऊल, पण निरोगी हाडातल्या पेशीला मिळतो तोच इशारा इथल्या पेशीला मिळेल असं धरून चालता येत नाही.

उपचारांच्या दृष्टीने हे फार मोलाचं आहे. 1959 मध्ये सोफील्ड आणि मिलर यांनी हाडात सळई बसवण्याची पद्धत मांडली आणि अनेक मुलं उभी राहू शकली. 1998 मध्ये पॅमिड्रोनेट या हाडांची झीज रोखणाऱ्या औषधामुळे हाडांची घनता वाढताना दिसली. भाराचा उपचार म्हणून कंपन देणाऱ्या फळीवर उंदरांना ठेवलं, तेव्हा हाडं सुधारली. मुलांवरच्या एका छोट्या चाचणीत मात्र चरबी सोडून शरीराचं वजन वाढलं, हाड बदललं नाही. उंदरात दिसलेलं या मुलांना जसंच्या तसं लावून चालणार नाही, हे तिथे दिसलं.

म्हणून आज फिजिओथेरपिस्ट अशा मुलाला आधी छातीभर पाण्यात उभं करतात. पाणी वजन पेलतं, आणि पातळी कमी करत नेली की पायांवरचा भार हळूहळू वाढतो. कोणत्या पातळीला, दिवसातून किती पावलांनी या वेगळ्या नकाशाच्या हाडात पुरेसा द्रव हलतो, हे अजून कुणी मोजून सांगितलेलं नाही.