नवीन घर घेतलंय? लाईट, पाणी, घरफाळा नावावर करायला जायच्या आधी हे वाचा (कोल्हापूरकरांसाठी)

खरेदीखत झालं, वास्तुशांत झाली, पाहुणेरावळे जेवून गेले की आपल्याला वाटतं घर आपलं झालं. पण लाईट बिल अजून जुन्या मालकाच्या नावानं, पाण्याचं बिल त्याच्या वडिलांच्या नावानं आणि घरफाळा कुणाच्या तरी आज्जीच्या नावानं येत असतो. मग सहा महिन्यांनी आधारवर पत्ता बदलायला गेलं की कळतं, नवीन पत्त्याचं बिल म्हणून दाखवायला आपल्या नावाचा एक कागद नाही. मी काय एजंट नाही, पण घरातल्या, गल्लीतल्या आणि सासुरवाडीच्या मिळून बऱ्याच फायली घेऊन फिरलोय आणि लोकं परत पाठवली जातात ती त्याच त्याच दोनचार गोष्टींवरनं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

सगळ्यात आधी घर नेमकं कुणाच्या हद्दीत आहे ते बघा. हसू नका. पाचगाव, उचगाव, कळंबा, मोरेवाडी इकडं घर घेतलेली लोकं पत्त्यात कोल्हापूर लिहिलंय म्हणून महापालिकेच्या रांगेत उभी राहतात आणि नंबर आल्यावर कळतं की हे ग्रामपंचायतीत. हद्दवाढीची चर्चा आपण लहानपणापासनं ऐकतोय, पण अर्ज आज जिथं हद्द आहे तिथंच करायचा. ग्रामपंचायतीत घर असेल तर तुम्हाला लागतो नमुना 8 चा उतारा, म्हणजे घराच्या आकारणीचा. लोकं तलाठ्याकडनं 8 अ काढून आणतात, तो जमिनीचा खातेउतारा, त्याचा इथं काही उपयोग नाही. आकडा सारखा, कागद वेगळा. यात माणसाचा एक अख्खा दिवस जातो, रजा टाकून आलेला असेल तर पगार पण.

शहरात घर असेल तर सुरुवात घरफाळ्यापासनं करा. बाकीचं मागनं. पाण्याला घरफाळ्याची चालू पावती मागतात, पुढं आधारला पण ती चालते, त्यामुळं हे एक झालं की बाकीचं सुटत जातं. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट यातलं तुमच्या भागाचं विभागीय कार्यालय कुठलं ते जुन्या मालकाच्या घरफाळा बिलावरनं कळतं. कागद सोपे आहेत : नाव बदलाचा अर्ज, खरेदीखताची कॉपी, इंडेक्स टू (नोंदणी ऑफिसातनं मिळणारा दस्ताच्या नोंदीचा उतारा), दोन्ही पार्टींची ओळखपत्रं आणि थकबाकी नसल्याची पावती.

अडतं ते मुदतीवर. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात मिळकत हस्तांतर झाल्यावर तीन महिन्यांच्या आत कळवायचं असं आहे आणि ते विकणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं, दोघांनी कळवायचंय. हे तीन महिने दस्त झाल्या तारखेपासनं किंवा नोंदणी झाल्या तारखेपासनं मोजतात. माझ्या मेव्हण्याचा दस्त मार्चमधे झाला, ताबा जुलैत मिळाला, राहायला गेले दसऱ्याला आणि ह्यो गडी तीन महिने मोजतोय दसऱ्यापासनं. वर मलाच सांगतोय, भावजी अजून डिसेंबर संपला नाही. मुदत गेली म्हणजे नाव लागत नाही असं नाही, पण मग खुलासा, जादा चार्ज, फेऱ्या हे आलंच. विकणाऱ्यालाही सांगतो, कळवलं नाही तर कायद्यानं त्या घराच्या कराची जबाबदारी तुमच्यावरही राहते, तेव्हा पैसे मिळाले म्हणून फोन उचलायचं बंद करू नका.

आणि घेणाऱ्यांनी एवढं ऐका, शेवटचा चेक द्यायच्या आधी घरफाळा, पाणी, लाईट तिन्हीच्या शून्य थकबाकीच्या पावत्या हातात घ्या. शेवटचा चेक खिशात आहे तोपर्यंत समोरचा तुम्हाला साहेब म्हणतो, नंतर रिंग वाजत राहते. त्याच बैठकीत लाईट मीटरच्या आणि नळाच्या संमतीपत्रावर, म्हणजे नाव बदलायला जुन्या मालकाची हरकत नसल्याच्या पत्रावर, सह्या पण उरकून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे, पण त्यावेळी सगळे पेढे वाटण्यात असतात.

घरफाळ्याच्या उताऱ्यावर वापराचा रकाना असतो तो पण नीट वाचा. आधीच्या मालकानं भाडेकरू ठेवले असतील किंवा खाली दुकान काढलं असेल तर नोंद तशीच राहते, नाव बदललं तरी वापर आपोआप बदलत नाही. त्याचा वेगळा अर्ज द्या.

आता तो कागद, जो कुणाकडंच नसतो. फ्लॅट असेल तर ऑफिसातल्या कागदांच्या यादीत लिहिलेलं असतं "सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र व शेअर सर्टिफिकेट". आपल्याकडच्या आठ-दहा फ्लॅटच्या बऱ्याच बिल्डिंगमधे सोसायटीच नसते. ते असतं अपार्टमेंट, 1970 च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली घोषणापत्र म्हणजे डीड ऑफ डिक्लेरेशन केलेलं. तिथं शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीच्या सभासदाला मिळणारा शेअरचा कागद, जन्मालाच आलेला नसतो, तर तुम्ही आणणार कुठनं? एका ऑफिसात (कुठलं ते सोडा) शेजारच्या काकूंना ह्यासाठी तीनदा परत पाठवलेलं. शेवटी डीड ऑफ डिक्लेरेशनची कॉपी, त्यांचं अपार्टमेंट डीड (त्यांच्या फ्लॅटपुरता मालकीचा दस्त) आणि अपार्टमेंटच्या अध्यक्ष-सेक्रेटरीच्या सहीचं साध्या कागदावरचं ना हरकत पत्र जोडलं आणि अर्जातच एक ओळ लिहिली, "सदर इमारत सहकारी गृहनिर्माण संस्था नसून अपार्टमेंट आहे". काम झालं. ती ओळ तोंडी सांगून उपयोग नाही, लिहूनच द्या, कारण फाईल वर जाते आणि वरच्या माणसानं काकूंना बघितलेलं नसतं.

बिल्डरकडनं नवा कोरा फ्लॅट घेत असाल तर भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला परवानगी असल्याचा दाखला) मागा, आणि "प्रोसेसमधे आहे" हे उत्तर म्हणून धरू नका. अनधिकृत बांधकाम ठरलं तर घरफाळ्यावर शास्ती म्हणजे दंड बसू शकतो आणि तो भरणार तुम्ही.

लाईटचं तसं बघितलं तर सोपं आहे. महावितरणच्या वेबसाईटवरनं किंवा ॲपवरनं नाव बदलाचा अर्ज होतो, बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकायचा, खरेदीखत किंवा इंडेक्स टू आणि ओळखपत्र जोडायचं, फी भरायची. पुढचं एखादं-दुसरं बिल जुन्याच नावानं आलं तर लगेच पळत जाऊ नका. खरी गोची पेठांतल्या जुन्या घरांत होते. तुम्ही घर घेतलं नातवाकडनं आणि मीटर आहे आजोबांच्या नावावर, जे जाऊन वीस वर्षं झाली. संमतीपत्रावर सही कुणाची आणायची? लोकं इथं वारस दाखल्याच्या मागं लागतात, चुलते-पुतणे गोळा करतात आणि त्या घरात आधीच हिश्श्यावरनं बोलणं बंद असतं. त्याची गरज नसते. आधीच्या ग्राहकाची संमती मिळत नसेल तर मालकीचा पुरावा म्हणजे तुमचं नोंदणीकृत खरेदीखत त्याऐवजी चालतं. फरक एवढाच की संमती असली तर जुनी सुरक्षा ठेव तुमच्या नावावर वळते, नसली तर ठेव तुम्हाला नव्यानं भरावी लागते, साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी. चुलत्यांची समजूत काढण्यापेक्षा स्वस्तच पडतं.

थकबाकीला मात्र माफी नाही. "ते बिल माझं नाही, मी का भरू" हे काउंटरवर कितीही ओरडून सांगितलं तरी उपयोग नाही, सुप्रीम कोर्टानं 2023 मधे मान्य केलंय की त्याच जागेची आधीची थकबाकी भरून घेतल्याशिवाय वीज कंपनी नवीन जोडणी नाकारू शकते. म्हणून म्हटलं, चेकच्या आधी पावत्या. बंद पडून राहिलेलं घर घेताना तर ग्राहक क्रमांक टाकून बाकी बघाच, मीटर काढून नेलेला असला तरी बाकी तशीच असते.

आणि जुन्या घरात दोन एसी, गिझर, इंडक्शन बसवणार असाल तर मंजूर भार (मीटरवर जास्तीत जास्त किती वीज वापरायला मंजुरी आहे तो आकडा) वाढवायचा अर्ज पण टाका, नाव बदलून भार वाढत नाही.

पाणी. जुनं कनेक्शन असेल तर घरफाळ्याची आपल्या नावाची पावती आणि पाण्याची शून्य बाकी दाखवून नाव बदलतं. मीटर बंद पडलेला असेल तर आधी तो बदला, नाहीतर अंदाजानं बिलं येत राहतात आणि नंतर भांडायला तुमच्याकडं रीडिंगच नसतं. ताबा घेतल्या दिवशी पाण्याच्या आणि लाईटच्या मीटरचा तारखेसकट फोटो काढून जुन्या मालकाला व्हॉट्सॲपवर टाकून ठेवा, पुढं वाद झालाच तर तोच पुरावा. नवीन नळ घ्यायचा असेल तर परवानाधारक प्लंबरमार्फतच अर्ज होतो आणि रस्ता खोदायची परवानगी आणि पैसे वेगळे. हे पावसाळ्याच्या आधी उरका, आपल्याकडं जून एकदा लागला की रस्ता खोदू देत नाहीत. थेट पाइपलाइनचं काळम्मावाडी धरणाचं पाणी 2023 ला शहरात आलं म्हणजे आता नळ लगेच मिळतो अशी काहींची समजूत आहे, धरणातनं पाणी आलं तरी अर्ज टेबलावरनंच जातो.

गॅस. गावातल्या गावात घर बदललं तर सिलिंडर-रेग्युलेटर परत करायचं काही कारण नाही, पत्ता बदलून घ्या किंवा एजन्सी बदलून मागा. दुसऱ्या गावाहून येत असाल तर तिथं सिलिंडर जमा करून ट्रान्सफरचं व्हाउचर घ्या आणि ठेवीचे पैसे मागा. जुनं कनेक्शन असेल तर ठेव जुन्याच दरानं परत मिळते आणि इथं नव्या दरानं भरावी लागते, जून 2022 पासनं 14.2 किलोच्या एका सिलिंडरला 2200 आणि रेग्युलेटरला 250. पत्त्याचा पुरावा म्हणून लाईट बिलच आणा म्हणाले तर खरेदीखत किंवा ताबापत्र दाखवा, ते चालतं, लोकं उगाच लाईट बिलाची वाट बघत दोन महिने हॉटेलचं खातात.

नेट घ्यायला आधार आणि मोबाईल बास, फक्त वायर कुठनं आणायची ते अपार्टमेंटला विचारा.

नावाच्या स्पेलिंगचं एक राहिलं. दस्तात सुनीता, आधारवर सुनिता, बँकेत माहेरचं आडनाव. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र एकदाच करा आणि त्याच्या चारपाच कॉप्या काढून ठेवा. जुन्या छापील याद्यांत अजून "100 चा स्टॅम्प" लिहिलेलं दिसतं, ऑक्टोबर 2024 पासनं संमतीपत्र, बंधपत्र वगैरेला 500 चा लागतो. त्यामुळं आधी विचारा स्टॅम्प हवाय का साधा कागद चालतो, उगाच 500 घालवू नका.

शेवटी पोच. अर्ज दिला की तारखेची, शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, "राहू दे, ओळखीचेच आहात" म्हणाले तरी. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात ज्या सेवा अधिसूचित आहेत त्यांना मुदत ठरलेली आहे, ती ऑफिसात बोर्डावर लावलेली असायला पाहिजे. मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला तर 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं आणि कारण नसताना लटकवणाऱ्याला 500 ते 5000 दंड होऊ शकतो. पण ती मुदत पोचेवरच्या तारखेपासनं मोजतात. मेव्हण्याकडं पोच नव्हती, त्यामुळं त्यानं जानेवारीत सगळी फाईल परत पहिल्यापासनं दिली.