सूत्रधार कोण? ‘द मेगस’ कादंबरीची पार्श्वभूमी

इंग्रजी कादंबरीकार जॉन फाउल्स यांची ‘द कलेक्टर’ १९६३ साली आली आणि ‘द मेगस’ १९६५ साली, म्हणून ‘द मेगस’ ही त्यांची नंतरची कादंबरी असं सहज वाटतं. प्रत्यक्षात तिचं लेखन आधीच सुरू झालं होतं. पन्नासच्या दशकापासून फाउल्स ती लिहीत होते, मोडत होते, बाजूला ठेवत होते. ‘द कलेक्टर’च्या यशामुळे त्यांना शिक्षकाची नोकरी सोडता आली आणि जुनं बाड पुन्हा बाहेर निघालं.

त्या बाडाचं मूळ ग्रीसमधल्या स्पेत्सेस बेटावर आहे. पन्नासच्या दशकाच्या आरंभी ऑक्सफर्डमधून फ्रेंच शिकून बाहेर पडलेले फाउल्स तिथल्या निवासी शाळेत इंग्रजी शिकवायला गेले. इंग्लंडमधल्या पब्लिक स्कूलच्या, म्हणजे तिथल्या प्रतिष्ठित खासगी शाळांच्या, धर्तीवरची ती शाळा, भोवती पाइनची राने आणि समुद्र. ग्रीस नुकताच जर्मन ताब्यातून आणि त्यामागोमाग १९४६ ते १९४९च्या यादवीतून बाहेर आला होता. कादंबरीत या बेटाचं नाव फ्राक्सोस झालं आणि शिक्षकाचं निकोलस अर्फ. रानापलीकडच्या बंगल्यातला धनाढ्य कॉन्किस मात्र कल्पनेतला. स्वतःच्या नावाच्या रोमन लिपीतल्या स्पेलिंगमधला (Conchis) ‘ch’ मऊ उच्चारावा असं तो सांगतो, म्हणजे ते इंग्रजीतल्या ‘कॉन्शस’सारखं, जाणिवेसारखं ऐकू येतं!

हा कॉन्किस निकोलसला गोष्टी सांगतो आणि त्या गोष्टींतली माणसं रात्री बागेत चालताना दिसू लागतात. त्यातली एक तरुणी आधी कॉन्किसची दिवंगत वाग्दत्त वधू असते, मग मनोरुग्ण, मग भाड्याने आणलेली नटी. एक खुलासा खोटा ठरेपर्यंत पुढचा तयार असतो. कादंबरीची खरी करामत मला इथे दिसते, कारण निकोलसबरोबर वाचकही दर वेळी नव्याने फसतो. फाउल्स यांना आधी या पुस्तकाचं नाव ‘द गॉडगेम’ ठेवायचं होतं. कॉन्किसने एकामागून एक चढवलेले मुखवटे म्हणजे माणसाने केलेल्या ईश्वराच्या कल्पना, अलौकिकापासून थेट शास्त्रीय परिभाषेपर्यंतच्या, अशी त्यांची योजना होती. शीर्षकातला मेगस म्हणजे टॅरोच्या, भविष्य सांगण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पत्त्यांतला जादूगार. त्या गड्डीत ७८ पत्ते, कादंबरीत ७८ प्रकरणं.

पुष्कळदा या कादंबरीशी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रॅम यांच्या आज्ञापालनावरच्या प्रयोगांचा, म्हणजे वरून हुकूम आला तर माणूस दुसऱ्याला इजा करतो का हे पाहणाऱ्या प्रयोगांचा, संबंध जोडला जातो. साम्य आहेच. ओलीस धरलेले गावकरी वाचवायचे तर पकडलेल्या बंडखोरांना स्वतःच्या हातांनी मार, असा हुकूम कॉन्किसला जर्मन अधिकाऱ्याकडून मिळतो आणि तो नकार देतो. पण मिलग्रॅम यांचे प्रयोग १९६१ साली सुरू झाले आणि कादंबरीचे पहिले खर्डे त्याआधीचे. प्रयोगशाळेपेक्षा महायुद्धाची सावलीच इथे जास्त गडद आहे. वाङ्मयीन ऋण फाउल्स यांनी स्वतःच मान्य केलं. ते फ्रेंच लेखक आलँ-फूर्निए यांच्या १९१३च्या ‘ल ग्राँ मोल्न’चं, म्हणजे रानात एकदा सापडून मग हरवलेल्या वाड्याच्या गोष्टीचं.

१९६८च्या चित्रपटाची पटकथा फाउल्स यांचीच होती. मायकेल केन आणि अँथनी क्विन असूनही तो साफ पडला. पुस्तकाने मात्र त्यांना सोडलं नाही. १९७७ साली त्यांनी नवी प्रस्तावना जोडून सुधारित आवृत्ती काढली. त्यातही निकोलस आणि त्याची प्रेयसी अ‍ॅलिसन पुन्हा एकत्र येतात की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. शेवटी आहेत दोन लॅटिन ओळी, ज्याने कधी प्रेम केलं नाही त्याने उद्या करावं आणि ज्याने केलं त्यानेही उद्या करावं, अशा अर्थाच्या. त्यांचं भाषांतर द्यायचंही फाउल्स यांनी टाळलं.