प्रस्ताव मागितला, प्रस्तावना पाठवली

मागच्या पावसाळ्यात लालबागच्या आमच्या चाळीतले एक काका प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल घेऊन आले. बँकेतून निवृत्त झालेले. गिरणगावातल्या खाणावळींवर पुस्तक लिहायचं त्यांच्या मनात कधीपासून घोळत होतं. एका प्रकाशकांनी फोनवर सांगितलं, "आधी प्रस्ताव पाठवा." काकांनी पाठवला. दोन महिने झाले तरी तिकडून हूं नाही की चूं नाही.

मी फाइल उघडली. आठ पानं, सुवाच्य अक्षर. पहिलंच वाक्य: "रसिक वाचकहो, हे पुस्तक आपल्या हाती देताना मला अतिशय आनंद होत आहे."

"काका, पुस्तक कुठंय?"

"अगं, ते लिहायचंय अजून."

"मग हातात काय देताय?"

काकांनी प्रस्ताव म्हणून प्रस्तावना पाठवली होती. एका 'ना'चा फरक. हस्तलिखितं वाचून मत द्यायचं काम मी करते, त्यामुळे ही गफलत मला नवी नाही. दोन्ही शब्द एकाच 'स्तु' धातूवरून आलेत, स्तुती करणे या अर्थाच्या. प्रस्तावनेत ती स्तुती खपून जाते. प्रस्तावात तिचा काही उपयोग होत नाही.

संस्कृत नाटकात नांदी झाली की सूत्रधार आणि नटी येऊन प्रेक्षकांशी दोन शब्द बोलतात, त्यालाही प्रस्तावनाच म्हणतात. तोवर प्रेक्षक येऊन बसलेले असतात, नाटक ठरलेलं असतं. फक्त पडदा वर जायचा असतो. प्रस्ताव त्याच्या कितीतरी आधीचा. हे नाटक उभं करायला निर्माता पैसे घालील का, एवढंच त्यातून ठरायचं असतं. म्हणून प्रस्तावनेतला 'आपण' वाचक असतो आणि प्रस्तावातला 'आपण' कागद, छपाई, मुद्रितशोधन आणि गोदामाचं भाडं यांचा हिशेब मनात धरून वाचणारा माणूस. मराठीत पहिली आवृत्ती पुष्कळदा पाचशे-हजार प्रतींची असते. त्या कोण घेणार, हे त्याला तुमच्याकडून ऐकायचं असतं.

काकांच्या आठ पानांत बालपण होतं, मुंबईची महती होती, दोन अभंग होते. आणि सहाव्या पानावर ऋणनिर्देशात एक ओळ: "माझ्या मातोश्रींनी बावीस वर्षे खाणावळ चालवली, त्यांच्या उधारीच्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत."

मी तिथंच थांबले. प्रस्तावनेत ही ओळ आभारात जाते, ते ठीकच आहे. प्रस्तावात ती पहिल्या पानावर हवी. या विषयावर पुस्तक लिहायला हजारजण असतील, पण या वह्या एकट्या काकांच्या ट्रंकेत आहेत.

मग आम्ही बसून सुरुवात नव्याने लिहिली:

"कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार जेवत कुठे होते? पुष्कळसे गिरणगावातल्या बायकांनी राहत्या खोलीतच चालवलेल्या खाणावळींत. १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. १९८२च्या संपानंतर जेवणारेच पांगले. संपाची ही गोष्ट चुलीपाशी बसून सांगितलेली आहे. तिला आधार एका खाणावळीच्या वह्यांचा आणि अठरा बायकांच्या मुलाखतींचा. नऊ प्रकरणं, सुमारे ५०,००० शब्द, डेमी आकारात साधारण तेरा फॉर्म. दोन प्रकरणं तयार आहेत, उरलेली दहा महिन्यांत देईन."

आनंद कुणालाच झालेला नाही, पण प्रकाशकाला पुस्तक दिसलं. सोळा पानांचा एक फॉर्म धरला की खर्चाचा आकडाही त्याच्या डोक्यात उभा राहतो.

खरी कुस्ती पुढे होती. 'या विषयावर आजवर एकही पुस्तक नाही,' असं काकांना ठासून लिहायचं होतं. हे वाक्य मी इतक्या प्रस्तावांत वाचलंय की आता डोळा आपोआप पुढच्या ओळीवर जातो. प्रकाशकाला त्यातून दोनच गोष्टी ऐकू येतात. एक तर लेखकाने शोध घेतलेला नाही, नाहीतर या विषयाला गिऱ्हाईक नाही. जवळची तीन-चार पुस्तकं नावानिशी सांगावीत आणि आपलं कुठे वेगळं पडतं ते एकेका वाक्यात लिहावं. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावचा मौखिक इतिहास २००४मध्ये इंग्रजीत आणला. त्याच्या शेजारी काकांचं पुस्तक ठेवलं की त्याची जागा कळते: तिथे अख्खा गिरणगाव बोलतो, इथे एका खोलीतला हिशेब. प्रस्तावनेत दुसऱ्यांच्या पुस्तकांचं नाव निघालं तर ते सौजन्य तरी असतं नाहीतर भांडण. प्रस्तावात ते नकाशासारखं वापरायचं.

वाचकांचंही तेच. 'सर्व वयोगटांतील वाचकांना आवडेल' म्हणजे कुणाला, ते कळत नाही. आम्ही लिहिलं: गिरणी कामगारांच्या घरांतली पुढची पिढी, स्त्री-अभ्यास आणि कामगार इतिहास शिकवणारे प्राध्यापक, मुंबईच्या खाद्यसंस्कृतीवर वाचणारे. काकांच्या परिचयातून पुरस्कारांची यादी काढली आणि 'लालबागमध्ये जन्म, खाणावळीत भाकऱ्या मोजत वाढलो' हे ठेवलं. यादी काढताना काका जरा हिरमुसले.

आपल्याकडे एखाद्या मोठ्या नावाची प्रस्तावना मिळवण्याचं भारी वेड. काकांनीही एका प्राध्यापकांना गळ घातली होती. त्यांचा होकार लेखी असेल तर प्रस्तावात एक ओळ पुरते. त्यांची प्रस्तावनाच जोडून पाठवू नये.

कादंबरीला हे सगळं जसंच्या तसं लागू नाही. नवीन लेखकाची कादंबरी पूर्ण लिहून झालेलीच लागते. सोबत छोटं पत्र, पहिली काही प्रकरणं आणि कथानकाचा सारांश. सारांशात शेवटही सांगायचा, कोण मेलं, कुणी मारलं, सगळं. 'पुढे काय होतं ते वाचूनच कळेल' हे मलपृष्ठावरच्या पाठराखणीला शोभतं.

एजंटांविषयी, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणाऱ्या मध्यस्थांविषयी, थोडक्यात. मराठीत ती पद्धत जवळपास नाहीच. पॉप्युलर, मौज, मॅजेस्टिक किंवा ग्रंथाली, मुंबईच्या या प्रकाशकांशी लेखक थेट बोलतो. पुस्तक इंग्रजीत असेल तर दिल्ली-गुरुग्रामकडच्या मोठ्या प्रकाशन संस्थांकडे जाताना एजंटचा उपयोग होतो. तो लेखकाच्या उत्पन्नातून, बहुधा १५ टक्के, घेतो आणि तेही पुस्तक प्रकाशकाला विकलं गेल्यावर. 'वाचायचे' म्हणून आधीच पैसे मागणारा भेटला तर नमस्कार करून निघावं. एजंटला प्रस्ताव जायच्या आधी एका पानाचं पत्र जातं. त्यावर होकार आला तरच बाकीचं. प्रत्येकाच्या अटी वेगळ्या असतात, त्या वाचून मगच पाठवावं.

"आणि विषय चोरला तर?" काकांनी विचारलंच.

१९५७चा कॉपीराइट कायदा लिहिलेल्या मजकुराला संरक्षण देतो, नुसत्या कल्पनेला नाही. म्हणून 'खाणावळींवर पुस्तक' ही कल्पना कुलपात ठेवता येत नाही. "तुमच्या वह्या मात्र तुमच्याच ट्रंकेत आहेत ना," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका ट्रंकेतली एक वही घेऊनच आले. लाल कापडी बांधणीची, कडा तेलकट झालेल्या. प्रत्येक पानावर डावीकडे नाव आणि गाव, मधे खाडे, उजवीकडे बाकी. पैसे आले की ओळीवर आडवी रेघ. डिसेंबर १९८१च्या पानावर जवळजवळ सगळ्या ओळी खोडलेल्या. १८ जानेवारीला संप सुरू झाला. फेब्रुवारीच्या पानावर तेवीस नावं, आणि रेघ एकाही नावावर नाही.

"हे पान कुठे लावायचं? शेवटी, परिशिष्टात?" काकांनी विचारलं.

फोटो काढून ते आम्ही प्रस्तावाच्या दुसऱ्याच पानावर लावलं.