संप्रेषणकेंद्री इंग्रजी पाठ्यपुस्तके (बडोदे)

संप्रेषणकेंद्री इंग्रजी पाठ्यपुस्तके : इंग्रजी ही दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी, व्याकरणाच्या क्रमाऐवजी भाषेच्या प्रत्यक्ष वापराला धरून रचलेली शालेय पुस्तके. भारतात ती साधारणपणे १९८० नंतर रुजली. बडोद्यातील (वडोदरा) मराठी मुलाच्या घरी मराठी, बाजारात गुजराती आणि शाळेत त्यांच्या जोडीला हिंदी असल्याने, इंग्रजी अनेकदा त्याची चौथी भाषा ठरते.

उगम : याबाबत एकमत नाही. एका मतानुसार मूळ अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ डेल हाइम्स यांच्या विवेचनात आहे. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९६५ मध्ये भाषिक क्षमतेची जी कल्पना मांडली, ती व्याकरणापुरती असल्याचा आक्षेप हाइम्स यांनी घेतला. कोणाशी, कोठे, काय बोलणे उचित हे कळणेही क्षमतेचाच भाग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हे विचार १९६६च्या सुमारास व्याख्यानातून आले आणि १९७२ मध्ये छापले गेले. म्हणून काही अभ्यासक पहिले, तर काही दुसरे वर्ष आरंभ मानतात.

दुसऱ्या मतानुसार आरंभबिंदू युरोप परिषदेचे १९७१ पासूनचे काम हा होय. ते शाळकरी मुलांसाठी नव्हते. कामधंद्यासाठी देश बदलणाऱ्या प्रौढांच्या गरजा त्यात मोजल्या होत्या. भाषातज्ज्ञ डी. ए. विल्किन्स यांनी त्यातून अभ्यासक्रमाची ‘कल्पना’ (काळ, प्रमाण यांसारखे अर्थ) आणि ‘कार्ये’ (भाषेने साधायच्या गोष्टी) अशी मांडणी केली, आणि १९७५ मध्ये भाषातज्ज्ञ वान एक यांचा किमान पातळीचा आराखडा प्रसिद्ध झाला. केवळ पाठ्यपुस्तकांचा विचार केल्यास हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘परवानगी मागणे’, ‘दिलगिरी व्यक्त करणे’ अशी प्रकरणांची नावे हाइम्स यांच्याकडून येत नाहीत. बडोद्यातील तेरा वर्षांच्या मुलासाठी लिहिलेल्या पुस्तकात हॉटेलची खोली राखून ठेवण्याचा संवाद का येतो, याचाही उलगडा त्यातून होतो.

भारतीय प्रवाहाचे श्रेय पुष्कळदा इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांच्या बंगळूर प्रकल्पाला (१९७९–८४) दिले जाते. ते जपूनच स्वीकारावे. बंगळूर, मद्रास आणि कडलूर येथील शाळांत राबवलेल्या या प्रकल्पात नेहमीच्या अर्थाचे पाठ्यपुस्तकच नव्हते. रेल्वेचे वेळापत्रक, नकाशे, हिशेब यांवर आधारलेली कामे वर्गाला दिली जात. आधी शिक्षक तसेच एक काम सर्वांबरोबर तोंडी सोडवून घेई आणि मग मुले दुसरे काम स्वतः करीत. प्रभू यांचे उद्दिष्टही संभाषणचातुर्य हे नव्हते. लक्ष अर्थाकडे असताना व्याकरण नकळत आत्मसात होते, हे त्यांचे गृहीतक होते. माहितीची दरी (एकाकडची माहिती दुसऱ्याला सांगणे), तर्काची दरी (दिलेल्या माहितीवरून निष्कर्ष काढणे) आणि मताची दरी (स्वतःचे मत मांडणे) या तीन प्रकारच्या कामांपैकी त्यांचा कल तर्काकडे होता. नंतरच्या पुस्तकांनी मात्र माहितीची दरी उचलली, बहुधा ती छापायला सोपी म्हणून : अर्धा तक्ता एकाकडे, उरलेला जोडीदाराकडे.

बडोद्यातील स्थिती : जुन्या मराठी घरांत इंग्रजी म्हणजे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असे समीकरण होते. स्वातंत्र्यानंतर रचनाधिष्ठित पद्धत (वाक्यरचना ठरावीक क्रमाने शिकवण्याची) आली; हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेने (स्थापना १९५८) आणि गुजरातपुरते वल्लभ विद्यानगर येथील इंग्रजी शिक्षणसंस्थेने तिच्यात शिक्षक तयार केले. मुंबई राज्याच्या काळात खालच्या इयत्तांतून इंग्रजी काढून ती आठवीपासून ठेवली गेली होती. पाचवी की आठवी, हा वाद गुजरातेत पुढेही धुमसत राहिला. उच्च शिक्षणात गांधीवादी शिक्षणतज्ज्ञ मगनभाई देसाई यांच्या गुजराती माध्यमाच्या आग्रहाला टीकाकार ‘मगन माध्यम’ म्हणत. उशिरा आरंभ झाल्याने पुस्तकाला मुळाक्षरांपासून संवादापर्यंत थोड्या वर्षांत मजल मारावी लागे, आणि अशा घाईत रचनांची यादीच सोयीची ठरे.

गुजरात राज्य शालेय पाठ्यपुस्तक मंडळ १९६९ मध्ये स्थापन झाले. ते मराठी माध्यमासाठीही पुस्तके काढत आले आहे. इंग्रजीच्या पुस्तकांत पुढे कृती, जोडीकाम आणि गटचर्चा आल्या. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने १९९३ पासून नववीला संप्रेषणात्मक इंग्रजीचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. शहरातील या मंडळाच्या शाळांपर्यंत तो त्या मार्गाने पोहोचला.

जोडीकामाची अडचण उघड आहे. रावपुरा किंवा दांडिया बाजारातील दोन मुले एका बाकावर बसली, की तक्त्यातील माहितीची देवाणघेवाण मराठीत किंवा गुजरातीत क्षणात उरकते. उत्तर तेवढे इंग्रजीत लिहिले जाते. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या (२००५) इंग्रजीविषयक भूमिकापत्राने वर्गातील बहुभाषिकता हा दोष न मानता साधन मानले आहे, पण पुस्तकातील सूचना अजून एकभाषी वर्गच गृहीत धरतात. परीक्षा मुख्यतः लेखी असल्याने ‘संवाद पूर्ण करा’ हा प्रश्नही कागदावरच सुटतो, आणि गाइडांतील तयार संवाद पाठ केले जातात.

मराठी माध्यमाचे वर्ग कमी होत गेल्याने शहरातील बहुतेक मराठी मुलांच्या हाती ही पुस्तके आता गुजराती किंवा इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून येतात.