‘लवकर निघा’ म्हणजे नेमके केव्हा? वर्गातल्या वणवा-खेळांची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १३ जानेवारी १९३९ च्या वणव्यात ७१ माणसे दगावली, आणि त्यानंतरच्या चौकशी अहवालातच मोठ्यांबरोबर मुलांनाही आगीविषयी शिकवावे असे सुचवलेले होते. हे शिकवण्यासाठी वर्गात वणव्याचा जो खेळ मांडतात, त्याचा साचा लष्करी आहे : नकाशावर सोंगट्या मांडून लढाईचा सराव करण्याची प्रशियातली एकोणिसाव्या शतकातली रीत वणवा विझवणाऱ्यांच्या वाळूच्या टेबलावर (वाळूत डोंगरदऱ्या उभारून सराव करायच्या टेबलावर) आली. वर्गातल्या खेळात मात्र सैनिकांच्या जागी शेजारी असतात, आणि खरा पेच आग विझवण्याचा नसून घर सोडण्याच्या वेळेचा असतो.

हा पेच एका घोषवाक्यातून आला. १६ फेब्रुवारी १९८३ रोजी व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यांत वणव्यांनी मिळून ७५ बळी घेतले. माणसे थांबून राहिलेली, आधीपासून तयारी असलेली घरे बरीच वाचली आणि ऐनवेळी पळणारे रस्त्यात सापडले, असे तेव्हाच्या अभ्यासांत दिसले. त्यातून ‘तयारी करा, थांबून घर राखा किंवा लवकर निघा’ हे धोरण घडत गेले. बोलण्यात त्याचे ‘थांबा की निघा’ झाले, आणि या काटछाटीत ‘तयारी’ व ‘लवकर’ हे दोन्ही कळीचे शब्द गळाले. पुष्कळांनी ‘आधी पाहू, मग ठरवू’ असा तिसराच अर्थ काढला. ७ फेब्रुवारी २००९ रोजी व्हिक्टोरियातल्या वणव्यांत १७३ माणसे गेली, त्यांतली कितीतरी घरातच. नंतरच्या चौकशी आयोगाने धोरणाचा गाभा कायम ठेवून लवकर निघणे हेच सर्वांत सुरक्षित असे बजावले, निवाऱ्याच्या जागा मागितल्या आणि वणव्याचा इतिहास अभ्यासक्रमात घालण्याची शिफारस केली. गाभा ठेवायला नको होता, असे म्हणणाऱ्यांची बाजू आजही हलकी वाटत नाही.

असा खेळ मांडायचा तर टेबलावर खेड्याचा नकाशा, बाहेर पडायला एकच रस्ता आणि प्रत्येक गटाला एक घर पुरते. खेळाच्या पत्त्यांवर (कार्डांवर) घराच्या अडचणी : गाडी न चालवणारी आजी, गोठ्यातला घोडा, वीज जाताच बंद पडणारा पाण्याचा पंप. उत्तरेच्या गरम वाऱ्यात आग लांबट, चिंचोळ्या पट्ट्यात धावते; शिक्षक तो पट्टा लाल दोऱ्याने दाखवतात. मग नैर्ऋत्येकडून वारा फिरल्याचा पत्ता उघडतो आणि दोऱ्याची सगळी लांबी आघाडी होऊन सरकू लागते. ‘धूर दिसला की निघू’ असे आपल्या आराखड्यात आधी लिहिलेल्या गटाचा रस्ता तोवर बंद झालेला असतो.

२००९ च्या आगीनंतर व्हिक्टोरियात वणव्याच्या धोक्याच्या जाहीर होणाऱ्या पातळ्यांत ‘कोड रेड’ ही सर्वांत वरची पायरी आली. सप्टेंबर २०२२ पासून देशभर सहाऐवजी चारच पातळ्या राहिल्या. ‘सिव्हिअर’ (तीव्र) उरली नाही, ‘कोड रेड’च्या जागी ‘कॅटॅस्ट्रॉफिक’ (महाविनाशक) आली. त्यामुळे जुन्या संचातले पत्ते बाद झाले, आणि ‘कोड रेड लागला की निघायचे’ असे घरच्या आराखड्यात लिहिलेल्या मुलांना ती ओळ खोडावी लागली.